मेंबरसाहेबांची गैरहजेरी

चहा घ्या आधी, गार होतोय. सांगतो. पण एक अट आहे, मध्ये हसायचं नाही. ज्या दिवशी हे घडलं त्या दिवशी मी अजिबात हसलो नव्हतो. मूर्खपणा करायचाच तर माणसानं तोंडी करावा, मग नंतर 'मी असं म्हणालोच नव्हतो' असं सांगता येतं. मी तो लेखी केला. तोही सरकारी छापील नमुन्यावर, खाली सही ठोकून.

पहिल्या निवडणुका होऊन एकदोन वर्षं झाली होती. पिंपरीकडे तेव्हा कुठे कारखान्याच्या भिंती दिसायला लागल्या होत्या, आणि चाकणकडे नुसती बाजरी. मी लोकल बोर्डाच्या शाळेचा मास्तर, मूळचा संगमेश्वरकडचा. बदली होऊन आलो तो कुरुळीच्या पलीकडच्या एका गावात. गावाचं नाव विचारू नका, तिथं मला ओळखणारी माणसं अजून आहेत.

शाळा मारुतीच्या देवळात भरायची. चार इयत्ता, एक मास्तर आणि एक मारुती. शनिवारी मारुतीकडे गर्दी, म्हणून शाळा पायरीवर. कुणाचं लग्न निघालं की वऱ्हाड देवळात उतरायचं, आणि आम्ही फळा उचलून चिंचेखाली जायचो. मला याचं फार वाईट वाटायचं. पोरं हुशार होती हो, आणि त्यांना बसायला हक्काची चार हात जागा नव्हती.

ती जागा मिळण्याच्या बेतात होती. गावात तात्या म्हणून एक शेतकरी होते, ऐंशीच्या घरातले. त्यांनी विहिरीजवळची पाच गुंठे जमीन शाळेला द्यायचं कबूल केलं होतं. पाडव्याला कागद करायचा ठरला होता. मी मनातल्या मनात तिथं खिडक्यासुद्धा बसवल्या होत्या.

आणि हे तात्या आमच्या मेंबरांचे वडील. मेंबर म्हणजे दिल्लीचे, लोकसभेतले. इथूनच सगळं बिघडलं.

मेंबर भला माणूस. दर अधिवेशन संपलं की मतदारांसाठी छापील पत्रक पाठवायचे, मी काय बोललो, कशाला पाठिंबा दिला वगैरे. गावात वाचता येणारे थोडे, म्हणून ते देवळात मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्या खेपेच्या पत्रकात एक वाक्य होतं, 'या अधिवेशनात मी प्रत्येक बैठकीस हजर राहिलो व प्रत्येक प्रश्नावर मतदान केले.'

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. अहो, पंधरा वर्षं मास्तरकी केलेला माणूस मी. पोरगं म्हणालं, 'गुरुजी, गृहपाठ केलाय', तर आपण टाळ्या वाजवतो का? आपण म्हणतो, वही आण.

आता लोकसभेची वही कुठं बघायला मिळणार? चौकशी केली तेव्हा कळलं, पुण्याला एका वाचनालयात तिथल्या कामकाजाचे जाडजूड खंड येतात. सायकल काढली, कासारवाडी गाठली, सायकल स्टेशनाबाहेर पानवाल्याकडे ठेवली आणि गाडीनं पुण्याला गेलो. एकदा नाही, तीनदा. रविवारी वाचनालय बंद, म्हणून जावं लागायचं ते शाळेच्या दिवशी. एकशिक्षकी शाळेत स्थानिक सुट्टी द्यायचा अधिकार मास्तराला असतो, तो मी वापरला. हे आपलं ओघात सांगितलं, तुम्ही फार लक्ष देऊ नका.

खंड इंग्रजीत होते. माझं इंग्रजी बेताचं, पण नाव ओळखायला कितीसं लागतं? तीन ठराव निवडले, तिन्ही शेतकऱ्यांच्या जिव्हाळ्याचे. पानंच्या पानं चाळली. अमके बोलले, तमके बोलले, अमक्यानं तमक्याला मध्येच अडवलं, आणि शेवटी ठराव मंजूर. आमच्या मेंबरांचं नाव तिन्ही ठिकाणी नाही.

आमच्या खात्याचं तत्त्व सरळ आहे. ज्याचं नाव कागदावर नाही, तो गैरहजर.

घरी आलो तो तणतणतच. म्हटलं, मेंबरांना कडक पत्र लिहायचं. कागद शोधतो तर कोरा कागद नाही. होते ते शाळेचे छापील नमुने. पोरगं तीन दिवस आलं नाही की त्याच्या घरी पाठवायची नोटीस असते ना, ती. वाचून बघितली. 'आपणास कळविण्यात येते की, खालील विद्यार्थी लागोपाठ तीन दिवस विनापरवानगी गैरहजर आहे. तरी समक्ष भेटून खुलासा करावा.' म्हटलं, याहून वेगळं मला तरी कुठं काय म्हणायचंय? मजकूर तयार आहे.

लिहायला बसलो. विद्यार्थ्याचे नाव, तिथं मेंबरांचं नाव लिहिलं. इयत्ता, तिथं लिहिलं, 'लोकसभा, पहिली'. गैरहजेरीचे दिवस, तीन. कारण, 'शाळेस ज्ञात नाही'. पुढचा रकाना होता, पालकाचे नाव.

इथं थांबायला हवं होतं. थांबलो नाही. रकाना रिकामा सोडायचा नाही ही तपासणीला येणाऱ्या साहेबांची सक्त ताकीद होती, एका रिकाम्या रकान्यापायी मी एकदा लेखी माफी मागितली होती. लिहून टाकलं तात्यांचं नाव. नोटीस घडी घालून टाकायची, आणि बाहेरच्या बाजूला नाव-पत्ता पालकाचाच येतो. तोही लिहिला, सवयीनं. दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकली आणि बरं वाटलं.

तात्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची पत्रं पोस्टमन वाचून दाखवायचा, आणि तो वाचायचा पारावर उभा राहून, कारण त्याचा आवाज चांगला आहे असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्या दिवशी पारावर निम्मा गाव होता. उरलेल्या निम्म्याला संध्याकाळपर्यंत कळलं.

मला सांगायला गावचा शिंपी धावत आला. "गुरुजी, तात्यांच्या पोराला नापास केलंत व्हय तुमी?"

"नापास नाही. गैरहजर."

"अन् पाच गुंठ्यांचं?"

तोपर्यंत खरंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मनात बसवलेल्या खिडक्या एकेक करून निखळायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही तेराचा पाढा म्हणत असताना, देवळाच्या पायरीशी काठी वाजली. तात्या होते. एका हातात माझी नोटीस, आणि दुसऱ्या हातात मेंबरांचं मनगट. दिल्लीची कामं आटोपून ते आदल्या दिवशीच गावी आले होते. वय पन्नाशीचं, अंगात खादी, डोक्यावर टोपी. चपला काढून गुमान आत आले.

"गुरुजी, आनलंय पोरगं," तात्या म्हणाले. "गनपा, हुबा ऱ्हा तितं."

मेंबर फळ्याशेजारी उभे राहिले. पोरं सवयीनं सरकून बसली.

"तात्या, अहो कशाला..." मी म्हणालो.

"कशाला म्हंजे? समक्ष भेटा आसं लिवलंय तुमी. त्याची आई असती तर तीबी आली असती. बोल रं, कुटं व्हतास?"

"तात्या, मी हजर होतो," मेंबर म्हणाले. "गुरुजी, तिन्ही दिवस हजर होतो."

"खंडात आपलं नाव नाही," मी म्हणालो. आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता.

"गुरुजी, तिथं जो भाषण करतो त्याचं नाव छापतात. आणि मत नावानिशी लिहितात ते कुणी मोजणी मागितली तरच. एरवी आवाजी मतदान. अध्यक्ष विचारतात, अनुकूल कोण? सगळ्यांनी एकदम होय म्हणायचं. मी म्हणालो की होय."

पंधरा वर्षांच्या नोकरीत नाव न पुकारता घेतलेली हजेरी मी ऐकली नव्हती. देशाचं कामकाज असं गलक्यावर चालत असेल, हे मला कुणी सांगायचं?

तात्यांनी मात्र मान डोलवली. "म्हंजे भजनावानी. नाव बुवाचं, घसा टाळकऱ्याचा."

"तसंच," मेंबर म्हणाले.

"मग वरड की. कसा वरडला व्हतास?"

"तात्या, पोरांसमोर..."

"तितं सगळ्या देशासमूर वरडलास ना? वरड."

मेंबरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "होय." पोरांना वाटलं आपल्यालाच म्हणायला सांगितलंय. चारही इयत्ता एकदम गरजल्या, "होय!" मारुतीमागची पाखरं उडाली.

"ऐकलंत? ह्यात माज्या पोराचा आवाज कंचा, सांगा बरं गुरुजी," तात्या म्हणाले.

मी हात जोडले. म्हटलं, "तात्या, चूक झाली. मेंबरसाहेब, माफ करा. माझ्यावरचा राग पोरांच्या जागेवर काढू नका, एवढंच मागतो."

"राग कशाचा? मास्तरानं इचारायचं न्हाई तर कुनी इचारायचं?" तात्या खाली टेकले. मला हायसं वाटलं. तेवढ्यात ते म्हणाले, "पर ह्ये तुमी वाचलं कुटं?"

"पुण्याला. वाचनालयात."

"रईवारी?"

"रविवारी बंद असतं," मी म्हणालो. खरं बोलायची वाईट सवय.

"किती येळा गेलासा?"

"तीनदा."

तात्यांनी पोरांकडे पाहिलं. "मागल्या म्हैन्यात माझी नातवंडं तीन येळा दप्तर न नेता घरीच व्हती. म्हनली, सुट्टी हाय. कसली वो सुट्टी व्हती?"

स्थानिक सुट्टीला स्थानिक कारण लागतं. मी खूप आठवून पाहिलं. त्या महिन्यात गावात काहीही झालं नव्हतं.

"गुरुजी," तात्या शांतपणे म्हणाले, "त्यो छापील कागद आजून एक हाय का?"

आणि माझा भोळेपणा बघा, मी काढून दिला.

"गनपा, लिव. गुरुजी, वडलांचं नाव?"

माझे वडील संगमेश्वरकडे. पेन्शनर हेडमास्तर. सबंध नोकरीत एक रजा न घेतलेले, माझ्या लग्नातसुद्धा मधल्या सुट्टीत आलेले. मी नाव सांगितलं. रकाना रिकामा ठेवता येत नाही हे मीच शिकवलेलं.

मेंबरांचं अक्षर सुरेख. "तात्या, इयत्ता काय लिहू?"

"बिगारी. पयलीच्याबी खालची," तात्या म्हणाले.

आठव्या दिवशी वडील वळकटी घेऊन हजर. गावात शिरल्यावर त्यांनी माझं घर विचारलं नाही, शाळा विचारली. देवळाच्या दारात उभे राहून त्यांनी अर्धा तास माझं शिकवणं ऐकलं आणि मग सर्व मुलांसमोर माझा खुलासा मागितला. मला छत्तिसावं चालू होतं. पाडव्याला तात्यांनी जागेचा कागद केला, त्यावर साक्षीदार म्हणून वडलांनी सही केली. अंगठा उठवताना तात्यांनी एक तोंडी अट घातली. मास्तरानं रोज शाळेआधी त्यांच्या ओट्यावरून जायचं आणि 'हजर' म्हणायचं. मोठ्यानं. पुढची सात वर्षं मी म्हणत होतो.

शाळा झाली. खिडक्या मी योजल्या होत्या त्याहून दोन जास्तच बसल्या.

पुढच्या अधिवेशनानंतर मेंबरांचं पत्रक आलं. रिवाजाप्रमाणे गाव जमला आणि रिवाजाप्रमाणे मी मोठ्यानं वाचायला उभा राहिलो. दिल्लीचं सगळं वाचून झाल्यावर शेवटी 'मतदारसंघातील कार्य' असा मथळा होता. त्याखाली एकच वाक्य. 'आपल्या भागातील एका शाळेत शिक्षक नियमित हजर राहतील अशी व्यवस्था केली.'

लोकांनी टाळ्या वाजवल्या. या खेपेला मीही वाजवल्या. तपासायला पुण्याला जावं लागलं नाही.