गोजरबाईंची चाळण

गोदावरीकाठच्या एका गावाशेजारच्या टेकाडात सातवाहनांच्या काळचा मातीचा कोट गाडलेला होता. त्र्याहत्तर साली तो उकरायला आम्ही गेलो आणि साठीतल्या गोजरबाईंना मी चाळणीवर बसवलं. संध्याकाळी पाहतो तर पिठासारख्या मातीचा सुबक ढीग, आणि खापरं मागच्या ओघळीत फेकलेली. त्यांत एका रोमन मद्यकुंभाचा कानही होता. माझं डोकं फिरलं.

"खडा ऱ्हायला की माळवद गळतं," त्या शांतपणे म्हणाल्या.

लग्न होऊन आल्यापासून दर उन्हाळ्यात त्या या टेकाडाचीच पांढरी माती चाळून घराच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पसरत होत्या. सगळं गावच तसं करायचं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक खापर सोडलं नाही. चाळलेली माती मात्र पाटीत भरून घरी न्यायच्या.

शेवटी कोटाची उत्तरेकडची भिंत काही सापडेना. पाया होता, वर काहीच नव्हतं. मी त्यांनाच विचारलं, "बाई, इथली भिंत गेली कुठं?"

"निम्मी माझ्या घरावर हाय. बाकीची गावानं नेली."

अहवालात मी त्या भिंतीपुढे 'नष्ट' असं लिहिलं. लिहायला बसलो होतो गोजरबाईंच्याच माळवदाखाली.