तीन रुपये नव्वद नव्या पैशांची बचत

मंगळवार, १२ मार्च १९६३. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. पनवेलच्या बँकेत बाकावर बसून मी हातातल्या चेकवरचा आकडा चौथ्यांदा वाचत होतो... चारशे ऐंशी रुपये फक्त.

चेक माझ्या नावाचा होता, पैसे माझे नव्हते. खाडीकाठच्या आमच्या सारसोळ्यात माझी मथुराआत्या आणि आणखी चौघी मिळून जवळा सुकवतात आणि कऱ्हाडच्या एका व्यापाऱ्याला विकतात. त्या अंगठा करतात, मी सातवीपर्यंत शिकलोय. म्हणून पत्रं, हिशेब आणि बँकेतलं खातं माझ्याकडे.

पूर्वी पैसे ट्रक ड्रायव्हरच्या हाती यायचे. कधी पुरते, कधी कमी... यंदा व्यापाऱ्याने कार्ड टाकलं, पैसे कसे पाठवू ते कळवा, खर्च तुमच्याकडे.

मी रीतसर चौकशी केली. मनीऑर्डरला सात रुपये वीस. टी.टी. म्हणजे एका बँकेने दुसरीला तारेने कळवायचं, त्याला साडेतीन. चेक वटवायला फक्त साठ नवे पैसे. मी ‘चेक’ असं कळवून टाकलं आणि मनातल्या मनात खूश झालो.

खिडकीतल्या क्लार्कनी चेक उलटसुलट पाहिला. "हा कऱ्हाडच्या बँकेचा आहे. आम्ही टपालाने तिकडे पाठवणार, होकार आला की तुमच्या खात्यात जमा."

"पण साहेब, तो कऱ्हाडहूनच आलाय ना?"

"मग जाऊन येऊ दे की माहेरी!" रांगेतले दोघे-तिघे हसले. माझे कान गरम झाले.

किती दिवस, तर म्हणाले पंधरा धरा. कधी दहा, सुट्ट्या आल्या तर वीस... मग त्यांनीच भल्या मनाने सुचवलं की घाई असेल तर चेक परत घ्या, पार्टीला तार करा आणि टी.टी. मागवा. परवा पैसे हातात.

घाई होती. आत्याचं जवळा सुकवायचं खळं देवळाच्या जागेवर आहे. वर्षाचं भाडं दीडशे रुपये, पाडव्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत रोख पंचांच्या हातात पडलं पाहिजे. नाही पडलं तर जो देईल त्याला जागा. बायांची सगळी पुंजी मालात गेलेली, हातात काही नाही.

पाडव्याला चौदा दिवस होते. तारेचा एक रुपया आणि टी.टी.चे साडेतीन, एकूण साडेचार. इकडे साठ नवे पैसे. मी बँकेच्या कोऱ्या पावतीमागे आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले... आणि चेक भरून आलो.

आत्याला म्हटलं, पाडव्याच्या आत येतील. ती म्हणाली, "येतील न? मंग झालं." दुसरा रस्ता होता, हे मी तिला सांगितलंच नाही. तिला त्यातलं काय कळणार, असं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

एकोणीसला भरतीची वेळ पाहून होडीने पनवेलला गेलो. आले नव्हते. तेवीसला गेलो. आले नव्हते. क्लार्क आता मला लांबूनच पाहून मान हलवायचे.

पंचवीसच्या संध्याकाळी आत्या बँकेची पावती घेऊन पंचांकडे गेली, आठ दिवसांची मुदत मागितली. तिथेच एक रेतीवाला नोटा घेऊन बसला होता. पंच म्हणाले, "मथुरे, कागद नको दावू. हातात हायेत तं दे." खळं रेतीवाल्याला गेलं.

शुक्रवारी, एकोणतीसला पैसे जमा झाले. चार दिवस उशिरा.

पैसे घेऊन घरी आलो तेव्हा पाचही जणी ओटीवर बसल्या होत्या. शेजारची हिरूवहिनी, तिचाही वाटा आहे त्यात, माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तरानं चार रुपये वाचवलं. आता त्या चार रुपयांवर पसरा गं जवळा!" टी.टी.ची गोष्ट तिला क्लार्ककडून कुणीतरी आणून सांगितली होती.

कुणी हसलं नाही. आत्याने नोटा मोजल्या, पाच ढीग केले. मग माझ्याकडे न बघताच बोलली, "पैसं आमचं. घाई आमची. तू आमाला इचारलं का नाय रं?"



आता खळ्यावर रेतीचे ढीग आहेत. बाया पलीकडच्या बांधावर जवळा पसरतात, जागा निम्मी आणि वाऱ्याबरोबर रेती येते. पुढच्या मालाचं कार्ड आलं त्यात व्यापाऱ्याने लिहिलं होतं की जवळा दाताखाली कचकचतो, छत्तीस रुपये कापले आहेत. ते कार्ड मीच त्यांना वाचून दाखवलं. ‘कचकचतो’ हा शब्द गाळावासा वाटला, पण गाळला नाही.

त्या दिवशी खर्चाचे तिन्ही आकडे आणि लागणारे दिवसही मी पाचजणींना मोठ्याने वाचून दाखवले. आत्याने इतर चौघींकडे पाहिलं आणि म्हणाली, "तारेनं मागव." एवढंच. मला वाटलं होतं, ती हे काम माझ्याकडून काढून घेईल. तिने काढलं नाही, याचे उपकार मी विसरणार नाही.

ज्यांचा माल बाहेरगावी जातो त्यांच्यासाठी हिशेब खाली देतो.

खर्च : चेक वटवणावळ साठ नवे पैसे. होडीभाडं चार खेपांचं तीन रुपये. कार्डं दोन, दहा नवे पैसे. एकूण तीन रुपये सत्तर. टी.टी. मागवली असती तर तार आणि दोन खेपा धरून सहा रुपये. म्हणजे खरी बचत दोन रुपये तीस नवे पैसे.

देणं : कापलेले छत्तीस माझ्या नावावर धरले. बायांकडून मला यायचे लिहिणावळीचे पाच त्यात वळते केले. बाकी एकतीस. आत्या नको म्हणते.