आले की बघते

गीतांजली डॉक्टर आहे, याबद्दल रेणापूर तालुक्यातल्या तिच्या गावात कुणालाही तिळमात्र शंका नव्हती. पीएचडी झाली त्या वर्षी एसटीच्या थांब्यावर तिच्या फोटोचं भलंमोठं बॅनर झळकलं, 'डॉ. गीतांजली यांचे हार्दिक अभिनंदन', आणि कुण्या शहाण्यानं त्यावर स्टेथोस्कोपही छापला. आता एवढं ढळढळीत खोटं डोळ्यांसमोर टांगलेलं असताना माणसानं एका शब्दानं बोलावं की नाही? ती बोलली नाही. कारण लाजिरवाणं आहे, पण सांगायलाच हवं. लातूरला दोन वर्षं शिकवण्या लावूनही तिचं एमबीबीएस थोडक्या मार्कांनी हुकलं होतं. तो स्टेथोस्कोप तिला गोड वाटला.

तिची मोठीमाय, म्हणजे थोरल्या चुलत्याची बायको केवळाबाई, हिला तर बॅनर पाहून रडूच फुटलं. गीता चौथीत असताना तिची आई गेली. पोरीचं सगळं मोठीमायनं केलं. लातूरच्या दोन वर्षांत ही बाई दर रविवारी भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी बांधून एसटीनं यायची. स्टँडपासून पोरीच्या खोलीपर्यंत चालत जायची, चालतच परत. तिचे पाय तेव्हा धडधाकट होते.

गीता आता हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. पेनड्राइव्हएवढी एक पारदर्शक चिप, तिच्यात केसासारख्या बारीक वाटा. मधल्या जेलीत माणसाच्या पेशी सोडायच्या, बाजूनं पोषक पाणी खेळवायचं, आणि नव्या रक्तवाहिन्या फुटतात का ते सूक्ष्मदर्शकातून बघायचं. उसाला फुटवा येतो ना, तसाच. तिचा प्रश्न एवढाच, की साखर वाढली की हा फुटवा अडतो कुठं? शुगरच्या माणसाची जखम भरत नाही ती यामुळंही. आणि मोठीमायला आठ वर्षांपासून शुगर होती.

त्या दिवशी मोठीमायचा फोन आला तेव्हा गीताचा डोळा सूक्ष्मदर्शकाला लागलेला होता. प्रयोगाचा अकरावा दिवस, आणि साखरेच्या पाण्यातल्या चिपमध्ये पहिल्यांदाच एक कोंब दिसला होता.

"गीता, अंगठ्याला चप्पल लागली गं. काळं पडल्यावाणी दिसून राहिलंय. पर दुखत न्हाई काहीच."

दुखत न्हाई! याच दोन शब्दांनी तिनं ताडकन उठायला हवं होतं. दुखत नाही म्हणजे पायाला कळेनासं झालंय, हे तिनं स्वतःच्या प्रबंधात पहिल्याच पानावर लिहिलंय. पण बाईसाहेबांचं ध्यान कोंबाकडं.

"आले की बघते, मोठीमाय," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

आपण सगळेच असं म्हणतो. लग्नाचा अल्बम असो नाहीतर गळका नळ, 'आले की बघते'. पण डॉक्टरनं 'बघते' म्हटलं की त्याचा अर्थ निराळा होतो. केवळाबाईच्या लेखी तिला डॉक्टरची वेळ मिळाली होती.

ती सतरा दिवस थांबली. अठराव्या दिवशी तिच्या पोराचा, सुदामचा फोन आला. ताप चढला म्हणून आईला लातूरच्या दवाखान्यात आणलं होतं. पाचही बोटं अन् निम्मं पाऊल काढावं लागलं.

"लई म्हणलो ताई, चल दवाखान्यात," सुदाम म्हणाला. "ऐकतच नव्हती. आपल्या घरची डॉक्टर बघणार हाय, दुसऱ्याला कशाला दावू, म्हणायची."

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. गीताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वॉर्डात शिरली, तर मोठीमाय उशीला टेकून बसलेली, पायाला हे एवढं बँडेज, आणि तोंडभर हसू.

"आली बघा माझी डॉक्टरीण!" ती शेजारच्या खाटेवरच्या उमाबाईला म्हणाली. मग गीताचा हात धरून, "तू जीवाला लावून घेऊ नको. तुला तिकडं किती पेशंट असतेत, मला काय कळत न्हाई?"

उमाबाई औशाची. तिच्याही पायाला पट्टी होती. तिनं लगबगीनं आपली फाइल पुढं केली. "बाई, माझं बी जरा बघा की."

गीतानं फाइल घेतली. खरंच घेतली, उघडलीसुद्धा. मग तिला स्वतःचीच शिसारी आली.

"मावशी, मला यातलं काही कळत न्हाई," ती म्हणाली. "मी तसली डॉक्टर न्हाई."

"काय मस्करी करून राहिलीस?" मोठीमाय हसली.

"मस्करी न्हाई, मोठीमाय. मी आजवर एक पेशंट बघितला न्हाई. मी रक्तवाहिन्यांचा अभ्यास करते, काचेखाली. त्या बॅनरवरचं खोटं हुतं. मला बरं वाटत हुतं, म्हणून बोलले न्हाई."

केवळाबाईचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू गेलं.

"मग तवा बघते म्हणलीस, ते?"

ती नुसती बोलायची रीत होती, हे आता कुठल्या तोंडानं सांगायचं? गीतानं उमाबाईची फाइल मिटून तिच्या खाटेवर ठेवली.

मोठीमाय उमाबाईकडं वळली. "बाई, तुमी कुणाची वाट बघू नका. त्या नर्सला हाक मारा, आत्ताच दावा." आणि मग तिनं पायाशी पडलेली चादर ओढून बँडेजवर घेतली. सतरा दिवस जो पाय पुतणीसाठी राखून ठेवला होता, तो तिनं नीट झाकला.

"मोठीमाय, बघू दे ना गं," गीता रडत म्हणाली.

"ऱ्हाऊ दे बाई," केवळाबाई म्हणाली, अगदी मायेनं. "तुला त्यातलं काय कळतंय?"