सहा तलंगा आणि थोरली

आमच्या भजन मंडळातील किस्से आणि आमच्या खुराड्यातील घाण यांचा धर्म एकच आहे. सकाळी कितीही निगुतीने झाडून काढा, संध्याकाळी तितकीच साचलेली असते. घाण निदान परसातल्या वांग्यांच्या उपयोगी पडते. किस्से कोणाच्या उपयोगी पडतात ते पांडुरंग जाणे, तरी सांगतो.

आधी एक खुलासा. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि अंगणात कोंबड्या आहेत. माळ माझी, कोंबड्या सौ. मथुरेच्या. अशी वाटणी करून मी आपला परमार्थ निष्कलंक ठेवला आहे.

*

सून सुनंदा माहेराहून, युसूफ वडगाव या गावाहून, परतली ती सहा तलंगा घेऊन. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. मथुरेच्या जुन्या पाच कोंबड्यांची पुढारी 'थोरली'. तिने नव्या सहाजणींना दाण्याजवळ सोडाच, पाण्याजवळही फिरकू दिले नाही. त्यांतली सर्वांत लहान तलंग रांजणामागे दडली ती दिवसभर बाहेर आली नाही.

मथुरेने सायंकाळी निकाल दिला. "पुनवंपर्यंत समद्या एका जागी दाणे टिपाया लागल्या तर ठीक हाय. न्हाई तर तुझ्या कोंबड्या माघारी, तुझ्या आईकडं."

सुनंदाच्या लग्नाला चार वर्षे झाली होती, आणि या घरात तिची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू आली होती.

*

विषय ओट्यावर मंडळापुढे आला. दगडूआबा हे आमचे वीणेकरी. चाळीस वर्षांत वीणा त्यांनी दुसऱ्याच्या गळ्यात पडू दिलेली नाही. भूतमात्रांच्या ऐक्यावर ते अर्धा तास बोलले. "जीव समदे सारखेच, आप्पा. पर ह्या मुक्या जनावरांना कोण सांगावं?" असे मला म्हणताना त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात गावात नव्याने बदलून आलेले गुरुजी प्रथमच भजनाला आले आणि नकळत आबांच्या सतरंजीवर टेकले. आबांनी डोळे पुसले. "गुरुजी, तुमची जागा तिकडं. चपलांपाशी."

गुरुजींचा गळा फार गोड आहे असे म्हणतात. चपलांपासून तो आमच्यापर्यंत पोहोचत नाही.

*

तोडगा आबांनीच काढला. आमच्यात नवा माणूस आला की त्याच्या कपाळी गंध लावून त्याला आलिंगन देण्याची रीत आहे. (गुरुजींच्या बाबतीत ती राहून गेली होती.) तीच रीत कोंबड्यांना लावायची ठरली. सहाही तलंगांच्या डोक्यावर आबांनी स्वहस्ते अष्टगंधाचा ठसठशीत तांबडा टिळा रेखला आणि आलिंगनाचे काम जुन्या कोंबड्यांवर सोपवले.

लाल ठिपका दिसला की कोंबडी चोच मारल्यावाचून राहत नाही, असे सुनंदा दारातून सांगत होती. परंतु मंडळाच्या कार्यात सुनांचे ऐकण्याचा प्रघात नाही. पाच मिनिटांत त्या लहान तलंगेच्या डोक्यावर गंधाहून रक्त अधिक झाले. सुनंदाने तिला पदरात घेतले आणि हळद भरली.

आबा म्हणाले, "भाव कमी पडला."

कोणाचा, हे त्यांनी स्पष्ट केले नाही.

*

सायकल दुरुस्त करणाऱ्या हमीदभाईंच्या दुकानामागे पन्नास कोंबड्या सुखाने नांदतात. म्हणूनच बहुधा मंडळाला त्यांना विचारावेसे वाटले नव्हते. सुनंदाने विचारले. त्यांनी येऊन अंगणात मधोमध तारेची जाळी ताणून दिली. "आठ रोज एकमेकींला नुसतं बघू द्या, बहू. अन् ती म्हातारी हाय ना, तिला शेवटचे चार रोज डालग्याखाली झाका. बाहेर आली की मग तीच नवी."

थोरलीला टोपल्याखाली कोंडायचे, तेही मथुरेच्या देखत! घरचा कर्ता म्हणून परवानगी माझी हवी होती. मी ती दिली आणि तत्काळ देवळात गेलो. काम उरकेपर्यंत देवापुढून हललो नाही. इतकी एकाग्रता मला पूर्वी कधी साधली नव्हती.

ते चार दिवस मथुरा डालग्याशेजारी बसून होती. थोरलीला भिजवलेले गहू, थोरलीला गार पाणी. मागे मला टायफॉईड झाला तेव्हा तिने उंबऱ्यातूनच विचारले होते, "गोळी घेतली का?"

*

नवव्या दिवशी जाळी निघाली, डालगे उचलले. थोरली पूर्वीच्या तोऱ्यात दाण्याकडे निघाली. डोक्यावर खपली धरलेल्या त्या लहान तलंगेने तिला एकच टोच मारली. थोरली थांबली, जरा विचार केला, आणि सर्वांच्या मागे जाऊन उभी राहिली.

मग तलंगा अंड्यावर आल्या. जुन्यांची पिसे झडू लागली आणि अंडी थांबली. आमचे माळकरी दगडूआबा उपरण्याच्या गाठीत चार-चार अंडी नेऊ लागले. "नातवाला खोकला हाय, आप्पा."

नातू पुण्याला असतो.

*

पुनवेच्या दिवशी मथुरेची धाकटी बहीण परळीहून आली. सुनंदा सुपातून दाणे टाकीत होती आणि अकराही कोंबड्या एका जागी टिपत होत्या. सुनंदा अधूनमधून सासूकडे पाहत होती. मथुरा मात्र तिच्याकडे पाहत नव्हती.

बहिणीने विचारले, "आक्का, ह्यातल्या तुझ्या कोणत्या अन् सुनंच्या कोणत्या?"

सुनंदाचा हात सुपातच थांबला.

मथुरेने तलंगांकडे बोट केले. "ह्या सहा माझ्या. अंड्याला लई गुणाच्या." मग पिसे झडलेल्या थोरलीकडे पाहून म्हणाली, "ती तेवढी सुनंदाची. माहेराहून आणलेली. लई भांडखोर हाय."

सुनंदाने थोरलीपुढे मूठभर दाणे टाकले.

"असू द्या मावशी. मी न्हाई तिला माघारी धाडायची."