झेललेले खडे

जालन्यात आमच्या दवाखान्यात एक्स-रेची नवी खोली बांधली, तेव्हा भिंतीच्या काँक्रीटमध्ये खडीऐवजी स्टीलच्या भट्टीतून टाकून दिलेला स्लॅग घातला. तो जड असतो, किरण अडवतो, असं इंजिनिअर म्हणाले. एक्स-रे काढणारा मी. कचऱ्याच्या भिंतीमागं दिवस काढायचे म्हणून धास्तावलो.

स्लॅग निवडायला एक मावशी यायची. प्रत्येक खडा तळहातावर दोनदा झेलायची. हलका, पोकळ निघाला की मागं न बघता खांद्यावरून फेकायची. मला दोनदा लागला. "बाजूला व्हय ना बाबा," एवढंच म्हणाली. नाव मी कधी विचारलं नाही.

भिंत तपासणीत पास झाली. तरी मी तिच्यामागंसुद्धा शिशाचा एप्रन घालूनच उभा राहायचो.

परवा तीच मावशी सुजलेलं मनगट घेऊन आली. हात टेबलावर ठेवून माझ्या एप्रनकडं बघत हसली.

"भिंतीमागं बी हे घालून राह्यलास का? एकेक खडा ह्याच हातानं जोखलाय मी."

मी एप्रन खुंटीला अडकवला, भिंतीमागं गेलो आणि बटण दाबलं.

हात नुसता मुरगळला होता. एप्रन अजून खुंटीवरच आहे.