काकवीच्या बाटलीतलं ॲसिड

माझ्या सासऱ्यांना मी एकदा भाकरीबरोबर ॲसिड वाढलं. तेही आग्रह करकरून. आता मी स्वतः आजी झालेय, म्हणून सांगायला हरकत नाही.

तेव्हा कळंबला आमची डाळिंबाची बाग नवी होती. ह्यांनी (म्हणजे आमच्या मालकांनी) कुठल्याशा शिबिरात ऐकून भिगवणहून मासळीचं टाकाऊ आणलं, त्यात गूळ घातला आणि बागेवर फवारायला म्हणून दीड महिना कॅनमध्ये मुरवलं. गाळून निघालं ते दाट, तांबूस, वासाला आंबूस-गोड, थेट काकवीच. एक बाटली भरून तिच्यावर कागद चिकटवला: 'अमिनो ॲसिड'. पण मला स्वच्छतेचा भारी सोस! कागद तेलकट दिसला, म्हणून मी तो खरवडला, बाटली घासून लख्ख केली आणि काकवीशेजारी मांडून ठेवली.

दुसऱ्या दिवशी आबा, म्हणजे सासरे, जेवायला बसले. गळ्यात तुळशीची माळ. मासा खाणं सोडाच, एसटी भिगवणला थांबली की नाकाला उपरणं लावणारा माणूस.

"काकवी आंबली हाय का गं?"

"न्हाय आबा, जुनी हाय जरा. घ्या की अजून."

त्यांनी ताट पुसून खाल्लं. तेवढ्यात हे आले. "माझी अमिनो ॲसिडची बाटली कुठं गेली?"

ॲसिड म्हटल्यावर मला एकच ठाऊक, मोरी धुवायचं. शिवाय मी बारामतीला अकरावी सायन्स केलेली (नापास झाले, ते जाऊ द्या), त्यामुळे उपाय तोंडपाठ: ॲसिडवर सोडा. दोन चमचे खायचा सोडा पाण्यात ढवळून आबांना पाजला. आबांनी असा ढेकर दिला, की गोठ्यातली बसलेली म्हैस उभी राहिली. मी म्हटलं, गेली आतडी.

"अहो, गाडी काढा," म्हणत मी रडायलाच लागले.

गावातल्या डॉक्टरीणबाईंनी आबांना तपासलं, बाटलीचा वास घेतला आणि आधी पोटभर हसून घेतलं.

"ताई, हे जाळणारं ॲसिड नव्हे. आबा, तुमची माळ बघा. माळ म्हणजे प्रोटीन, आणि एकेक मणी म्हणजे अमिनो ॲसिड. पोटात माळ सुटते, मणी अंगी लागतात. डाळीत हेच मणी, दुधात हेच, माशातही हेच. ढेकर आला तो सोड्यानं. पोट बिघडलंच तर या परत."

माझा जीव भांड्यात पडला.

"माशात?" आबांनी हळूच विचारलं.

जीव पुन्हा भांड्याबाहेर. ह्यांना नको तेव्हा खरं बोलायची सवय; त्यांनी भिगवणपासून सगळं सांगून टाकलं. घरी येईपर्यंत आबा माळेचा एकेक मणी चाचपत होते. मला वाटलं, आता हा माणूस माझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही.

उंबऱ्याशी ते थांबले. म्हणाले, "सूनबाई, डाळीतलं मणी तेच, माशातलं बी तेच. म्हंजी माळ काय तुटली न्हाय. आन् खरं सांगू का? तुझ्या आमटीपरास ते बरं लागलं."