हत्तीचे पाय

दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मी तेव्हा नगरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मला सगळंच येतं असं घरात धरून चालत. कोल्हारपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात लग्नघराची भिंत चुन्याने पांढरी करून दाराच्या दोन्ही अंगांना हत्ती काढायची रीत होती. गावातले सगळे हत्ती सुतारतात्यांचे. पण त्या वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "आपलं पोरगं चित्रं काढतंय की. तेच काढील."

मी हो म्हणालो आणि मनातून घाबरलो. चित्रं मी काढत होतो, पण ती सगळी कुणाची तरी होती. कॅलेंडर, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, जे हाती येईल त्यावर चौकोन आखायचे आणि हुबेहूब उतरवून घ्यायचं. महिन्यापूर्वीच होस्टेलच्या एका सोबत्याने माझी वही चाळली, कौतुक केलं आणि सहज विचारलं, "यातलं तुझं कोणतं?" त्याला टोमणा मारायचा नव्हता. पण तेव्हापासून वहीत रेघ ओढायचीही लाज वाटू लागली. आता तर बहिणीच्या दारावर, साऱ्या वऱ्हाडासमोर काढायचं होतं.

करायचं काय, तर नेहमीचंच. वही घेऊन मी तात्यांचे हत्ती उतरवायला गावभर फिरलो. जुन्या लग्नांचे हत्ती भिंतींवर फिकट झाले होते, पण सोंडेचा बाक असा की नजर हलू नये. मग पाय पाहिले आणि थांबलो. सगळ्या हत्तींना बैलासारखे मधोमध चिरलेले खूर होते.

तात्या ओट्यावर बसून खुरप्याची मूठ तासत होते. मी भीत भीतच म्हणालो, "तात्या, हत्तीला खूर नसतात वो."

"न्हाईत? कोन म्हनतं?"

"मी बघितलाय. नगरला सर्कशीत."

तात्या हसायला लागले. "आन् इतकी वर्सं कोनी बोललं कसं न्हाई? बोलनार कसं! हितं हत्ती बगितलाय कोनी? आमचे कालेजवाले येईस्तवर खूर चालले बग."

"पण तुम्ही कुठं बघितला?"

"दगडाचा बगितला. नेवाशाच्या वाटंवर नदीकडंला पडकं देऊळ हाय, त्याच्या भिताडात. बापाबरूबर गेल्तो. दिसभर त्याच्या सोंडंवरनं हात फिरवत बसलो. पर त्याचं पाय मातीत गाडल्यालं."

"मग?"

"मंग काय? बिनपायाचा ठिवू व्हय हत्ती? मला बैलाचं पाय येत हुतं, ते लावलं. सोंड त्या दगडवाल्याची हाय, तिला म्या धक्का न्हाई लावला."

त्यांना त्यात काहीच लपवण्यासारखं वाटत नव्हतं. मला मात्र चैन पडेना. दुसऱ्या दिवशी लग्नाची दहा कामं सोडून मी सायकल काढली.

देऊळ सापडायला दुपार झाली. हत्ती होता. वीतभर उंचीचा कोरीव हत्ती, पोटापर्यंत मातीत. सोंड तात्यांचीच, म्हणजे तात्यांनी घेतलेली. मी काटकीने माती उकरत गेलो. त्या कोरणाऱ्याने तरी खरा हत्ती पाहिला असेल का? पाय उघडे पडले तेव्हा मी मोठ्याने हसलो. नखांच्या जागी कमळाच्या पाकळ्या होत्या, त्याच देवळाच्या चौकटीवर होत्या तशाच. म्हणजे नखं कशी असतात हे त्यालाही ठाऊक नसावं. का ठाऊक होतं आणि पाकळ्या जास्त आवडल्या? अजूनही मला सांगता येणार नाही. माती परत लोटली आणि निघालो.

तात्यांना सांगितलं. वाटलं, हसतील नाहीतर रागावतील. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "पाकळ्या? किती? चार का पाच?"

"पाच."

"वर टोकदार का गोल?" आणि थरथरत्या बोटाने ते ओट्यावरच्या भुशात पाकळ्या काढून बघायला लागले.

मी गेरू, नीळ, हळद आणि काजळी डिंकाच्या पाण्यात कालवली, शिंदीच्या काडीचं टोक ठेचून कुंचला केला. सोंड तात्यांची घेतली. पायांचं ठरवता येईना, म्हणून डाव्या हत्तीला खूर दिले आणि उजव्याला पाकळ्या. सोंडेच्या टोकाशी येऊन अडलो. तिथे तात्या फुलांची माळ काढत. माझा हात माळेकडे जाईना. शेवटी दोन्ही सोंडांत शेंड्यावरच्या वाढ्यासकट हिरवागार ऊस दिला.

संध्याकाळी आत्या दारात आली आणि किंचाळलीच. "अगं बया! लग्नाचा हत्ती हाय का कारखान्याला निघालाय? माळ कुठंय रं?"

बघता बघता दहा बायका जमल्या. हसू आवरेना त्यांना. आप्पांच्या कपाळावर आठी आली. "विहीन काय म्हनंल? पूस ते. चुना हाय अजून बादलीत." त्यांनी स्वतःच कुंची बुडवली. मी बाजूला सरलो.

बहीण हळदीच्या अंगाने बाहेर आली. दोन्ही हत्ती तिने नीट पाहिले. "राहू द्या आप्पा. कुनाच्या लग्नात नसंल असा हत्ती. आन् ह्यो दादाचाच हाय, कुनीबी वळखंल."

आप्पांनी कुंची परत बादलीत टाकली.

तेवढ्यात काठी टेकत तात्या आले. बायकांनी वाट दिली. ते उजव्या हत्तीपाशी वाकले, पाकळ्या मोजल्या, मग उसाशी नाक नेलं.

"पेरं लई लांब झाली," ते म्हणाले. "येवढ्या लांब पेराचा ऊस कुठं बगितलास?"

मी कुठेच पाहिला नव्हता. जन्मभर उसात वावरलो, पण एक पेर केवढं, उसाच्या दोन डोळ्यांमध्ये अंतर किती ते कधी मोजलंच नव्हतं. अजून उजेड होता. मी तसाच रंगलेल्या हातांनी पाटापलीकडच्या आमच्या उसात शिरलो आणि एक कांडं धरून बोटं लावून बघायला लागलो.